तबकडीसोबतची चिठ्ठी

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक लोखंडी ट्रंक आली. गावातील एक जुना वाडा पाडायचा ठरला होता. मालकांनी त्यातील पुस्तके ग्रंथालयाला दिली आणि पुस्तकांबरोबर ही ट्रंकही दिली. ग्रंथपाल सरांनी ती उघडली तेव्हा आत ग्रामोफोनच्या तबकड्या निघाल्या. मोजून एकसष्ट. त्यांतल्या नऊ फुटलेल्या होत्या, काहींवर पांढरी बुरशी चढली होती आणि बहुतेक सगळ्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या होत्या. बी. ए. ला मी संगीत हा विषय घेतला आहे आणि माझे अक्षर बरे आहे, एवढ्या दोन कारणांवरून त्यांची नोंद करण्याचे काम सरांनी माझ्याकडे सोपवले.

ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत रकाने ठरलेले असतात. लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशन वर्ष, पृष्ठे, किंमत. पहिली तबकडी हातात घेतली आणि पहिल्याच रकान्याशी मी अडले. या वस्तूचा लेखक कोण? पद रचणारा, त्याला चाल लावणारा, की गाणारा? आणि पेटी, तबला, सारंगी वाजवणाऱ्यांना कोणत्या रकान्यात बसवायचे? त्यांची नावे तर तबकडीवर नव्हतीच. प्रकाशन वर्षही कोठे छापलेले नव्हते. 'पृष्ठे' या रकान्यात मी शेवटी 'दोन' असे लिहिले. सर हसले, पण त्यांनी ते खोडले नाही.

राष्ट्राचा सांगीतिक वारसा ग्रंथालयात जतन करणे, हा भारदस्त वाटणारा विषय मी अभ्यासासाठी घेतला तो या रकान्यांमुळे. वर्षभर जमेल तसे वाचले, ऐकले, जाणत्यांना विचारले. त्यातून माझे एक मत बनले आहे, ते आधीच सांगून टाकते. संगीत जतन करायचे म्हणजे आवाज टिकवायचा, असे आपण समजतो. पण आवाजाइतकीच, किंबहुना कांकणभर अधिक, त्याच्यासोबतची चिठ्ठी टिकवावी लागते. कोण गाते आहे, कोठे, केव्हा, कोणासाठी, आणि हे ऐकायचे कसे, हे सांगणारी चिठ्ठी. ती हरवली की आवाज असूनही मुका होतो.

ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण अशा चिठ्ठीचे सर्वांत चोख उदाहरण पृथ्वीवर नाही. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन अंतराळयाने सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक ध्वनिमुद्रिका आहे. कधीकाळी कोणा परग्रहवासीयाच्या हाती पडलीच, तर त्याला आपले संगीत ऐकता यावे म्हणून. त्यात भारताच्या वाट्याला एकच जागा आली आणि ती सुरश्री केसरबाई केरकरांच्या भैरवीला मिळाली. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई. पहिले यान २० ऑगस्टला उडाले, दुसरे ५ सप्टेंबरला आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई निवर्तल्या. त्यांतले एक यान २०१२ मध्ये आणि दुसरे २०१८ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडून ताऱ्यांमधल्या पोकळीत शिरले आहे.

आता चिठ्ठीचे पाहा. त्या मुद्रिकेच्या वेष्टनावर आकृत्या कोरल्या आहेत. सुई कोठे ठेवायची, तबकडी किती वेगाने फिरवायची, हे त्यांत दाखवले आहे. परग्रहावर आपले सेकंद कोणाला ठाऊक असणार? म्हणून वेग हायड्रोजनच्या अणूतील एका स्थित्यंतराच्या काळाच्या मापात दिला आहे (आपल्या हिशेबाने एक फेरा ३.६ सेकंदांचा). सोबत सुईसुद्धा दिली आहे. एवढेच नव्हे, तर यान केव्हा सोडले ते पुढे कोणाला काढता यावे म्हणून वेष्टनावर युरेनियमचा एक सूक्ष्म नमुना ठेवला आहे. त्याचा किती क्षय झाला ते मोजले की वय कळते. म्हणजे प्रकाशन वर्षाचा रकानाही त्यांनी रिकामा सोडला नाही!

याच गोष्टीची दुसरी बाजू मात्र आपल्याला खाली मान घालायला लावणारी आहे. रॉबर्ट ब्राउन या अभ्यासकाने केसरबाईंची ही मुद्रिका सुचवली खरी, पण ती बाजारातून केव्हाच नाहीशी झाली होती. शोधाशोध करता करता ती सापडली न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली पडलेल्या धुळकट खोक्यात. तीन प्रती होत्या. ज्या आवाजाने भारताच्या वतीने ताऱ्यांपर्यंत जायचे, तो कोणा राष्ट्रीय संग्रहातून नव्हे, तर एका दुकानदाराने टाकून न दिलेल्या खोक्यातून गेला. आमच्या ट्रंकेकडे मी त्यानंतर जरा आदराने पाहू लागले.

या तबकड्यांचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गैसबर्ग यंत्रसामग्री घेऊन आला आणि गौहरजान यांचे गाणे त्याने मुद्रित केले. तेव्हा विद्युत ध्वनिमुद्रण नव्हते. कर्ण्याच्या तोंडाशी मोठ्याने गायचे आणि कर्ण्याच्या टोकाशी असलेली सुई मेणावर रेघ ओढीत जाई. ते मेणाचे साचे बोटीने जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तेथे छापलेल्या तबकड्या भारतात विकायला परत येत. गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत आपले नाव पुकारीत. मौजेचा भाग म्हणून आपण ते ऐकतो आणि हसतो. पण त्यामागचे कारण साधे होते. हॅनोव्हरच्या कारागिरांना हिंदुस्थानी गाण्यातले ओ की ठो कळत नसे. कोणत्या तबकडीवर कोणाचे लेबल लावायचे ते त्या पुकाऱ्यावरून पक्के करता येई. म्हणजे भारतातील पहिल्यावहिल्या तबकड्यांवर चिठ्ठी आवाजातच कोरलेली होती. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला, तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या आणि पुकाऱ्याची चाल हळूहळू मागे पडली.

तबकडी कशाची बनते हेही मला नव्याने कळले. आपल्या बांगड्यांची आणि टपालाच्या पार्सलावर मोहोर उठवण्याची जी लाख, तीच शुद्ध करून तिच्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळायची. लाखेचा मोठा पुरवठा भारताचाच. म्हणजे आपल्याच रानातल्या किड्यांची लाख आपल्याच गायिकेचा सूर घेऊन समुद्रापार जाऊन आली. असो. मुद्दा असा की लाख स्पिरिटमध्ये विरघळते. बुरशी पुसण्यासाठी मी प्रयोगशाळेतून स्पिरिटची बाटली मागून आणली होती आणि बोळा भिजवणार एवढ्यात सरांनी माझा हात धरला. नाही तर आमच्या गावातला वारसा मीच पुसून टाकला असता. शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ फडके, लेबलाला ओल लागू द्यायची नाही आणि लगेच कोरडे करायचे, एवढेच करायचे असते. तबकड्या ताटांसारख्या एकावर एक रचायच्या नाहीत, त्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या. तिरक्या ठेवल्या तर उन्हाळ्यात वाकतात.

त्या वाजवायच्या कशा, हा पुढचा प्रश्न. गावातील एका हौशी संग्राहकांकडे वेग कमीजास्त करता येणारे यंत्र आणि अशा तबकड्यांची जाड सुई आहे. मागाहून निघालेल्या लाँग प्ले मुद्रिकांची सुई फार बारीक. ती या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन तिथली धूळच वाजवते. आमच्या संगीताच्या बाई पेटी घेऊन सोबत आल्या होत्या. एक नाट्यपद लावले. मिनिटाला ७८ फेरे या वेगाने गाणे कसेसेच चिरके वाटू लागले. बाईंनी पेटीवर षड्ज शोधला, तो काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कोठेतरी लोंबकळत होता. बाई म्हणाल्या, "वेग उतरवून बघा बरं." तो उतरवता उतरवता एका जागी आवाज एकदम माणसाचा झाला. तेव्हा कळले की आरंभीच्या काळात सगळ्याच तबकड्या काटेकोर ७८ च्या नव्हत्या. कोणी ७२ वर मुद्रित केलेली तबकडी ७८ वर लावली तर पट्टी अर्ध्या स्वराहून, म्हणजे पेटीच्या एका पट्टीहूनही, अधिक चढते. शिवाय लयही वाढते. 'जुने लोक फार उंच पट्टीत आणि फार जलद गात' असे विधान आपण कोठे कोठे वाचतो, त्यामागे किती गायकी आहे आणि किती चुकीचा वेग, याची मला आता शंका येते. बाईंनी मात्र बजावले, की जुन्या पेट्या आजच्या स्वराला मिळवलेल्या असतीलच असे नाही. तेव्हा केवळ पेटीवरूनही निर्णय देऊ नये. योग्य वेग हाही चिठ्ठीवर लिहून ठेवण्याचाच मजकूर, तो कोणी लिहिलेला नव्हता.

लेबलावर असलेला मजकूर तरी पूर्ण खरा कोठे असतो? त्या काळी प्रतिष्ठित घरातील स्त्रीने गाणे हेच धाडस होते. म्हणून कित्येक लेबलांवर 'मिस' अमुक, पुढे 'अमॅच्युअर' म्हणजे हौशी, असे छापून नाव अर्धे झाकलेले दिसते. साल तर नसतेच. मात्र लेबलावर आणि मधल्या गुळगुळीत भागात क्रमांक असतात. कंपनीच्या वह्यांशी ते ताडून पाहिले, की मुद्रणाचा काळ काढता येतो. मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय मुद्रणांची अशी सूची तयार केली, ती १९९४ मध्ये मुंबईतच प्रसिद्ध झाली. मुंबईत १९९० मध्ये तबकड्या जमवणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था निघाली. तिच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकात संग्राहकांनी स्वतःच्या खिशाला खार लावून असेच कार्य केले. हरवलेल्या चिठ्ठ्या पुन्हा लिहिण्याचेच ते कार्य होय.

येथे कोणी म्हणेल, आपल्याकडे संगीत कागदावर उतरवण्याची परंपराही आहेच की. आहे, आणि ती थोर आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून, उस्तादांची मनधरणी करून बंदिशी मिळवल्या आणि स्वरलिपीत उतरवून 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या. परीक्षेपुरते ते भाग उघडणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना त्यामागची पायपीट जाणवत नाही. पण स्वरलिपी ही एक प्रकारे आवाजाविना चिठ्ठी आहे. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आपल्याला उपलब्ध नाही. 'स्वयंवर' नाटकाला त्यांनी दिलेल्या चाली आपण बालगंधर्वांच्या तबकड्यांवरून ऐकतो. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, ध्वनिमुद्रणाचे तंत्र पार घरोघर पोचले होते, तरी त्यांच्या गाण्याची तबकडी नाही. केसरबाई त्यांच्याच शिष्या. गुरूचा आवाज पृथ्वीवर ऐकायला मिळत नाही आणि शिष्येचा ताऱ्यांमधल्या पोकळीत गेला, असा हा हिशेब आहे. एकीकडे चिठ्ठी आहे पण आवाज नाही, दुसरीकडे आमच्या ट्रंकेत आवाज आहे पण चिठ्ठी नाही.

इतर देशांनी काय केले ते पाहताना मी मुख्यतः संग्रहालये आणि ग्रंथालये पाहिली. व्हिएन्नाचा ध्वनिसंग्रह १८९९ चा, बर्लिनचा १९०० चा. फ्रान्समध्ये १९३८ साली राष्ट्रीय ध्वनिसंग्रह स्थापन झाला आणि निघणाऱ्या ध्वनिमुद्रिका तेथे जमा होऊ लागल्या. आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे. त्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायची असते. पुढे त्यात वृत्तपत्रे आली. ध्वनिमुद्रिका मात्र त्यात नाहीत. एखाद्या सुमार कादंबरीची प्रत राष्ट्राच्या फडताळात कायमची बसते आणि एखाद्या अलौकिक मारव्याची तबकडी बसत नाही, यात दोष कोणा एका माणसाचा नाही. पण गेले शतकभर आपण काय गमावत आलो याचे उत्तर यात बरेचसे आहे. दिल्लीत आकाशवाणीचा स्वतःचा संग्रह आहे, इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राचे दृक्‌श्राव्य दप्तर आहे, मुंबईत एन. सी. पी. ए. चा संग्रह आहे. परंतु नव्या ध्वनिमुद्रिकेने आपसूक चालत यावे असे एक दार अद्याप नाही.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची हकीकत मला सर्वांत बोधक वाटली, आणि ती त्यांच्या थाटामुळे नव्हे. १९२८ साली त्या ग्रंथालयाच्या संगीत विभागात लोकगीतांचे दप्तर उघडले गेले आणि रॉबर्ट गॉर्डन हे त्याचे पहिले प्रमुख झाले. पण तेथे आज असलेला सर्वांत जुना ठेवा त्याहून जुना आहे. १८९० च्या मार्चमध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स या संशोधकाने मेन राज्यातील पासामाक्वॉडी या आदिवासी जमातीची गाणी आणि कथा मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केल्या. एका नळकांड्यावर दोन-तीन मिनिटांचाच आवाज मावे आणि प्रत्येक वेळी वाजवताना सुई मेणाचा थोडा अंश खरवडून नेई. म्हणजे ऐकणे आणि नष्ट करणे एकच! ही नळकांडी एका विद्यापीठाच्या संग्रहालयात पडून होती, ती १९७० मध्ये या ग्रंथालयाकडे आली. १९७९ मध्ये ग्रंथालयाने अशा नळकांड्यांच्या प्रती करून त्या त्या त्या जमातींना परत देण्याची योजना सुरू केली आणि १९८० साली पासामाक्वॉडींच्या हाती पणजोबांचे आवाज आले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. नवे तंत्र आल्यावर आवाज अधिक स्वच्छ झाले आणि जमातीतले जाणते लोक ते कान देऊन ऐकू लागले. तेव्हा त्यांनी फ्यूक्सच्या नोंदी दुरुस्त केल्या. शीर्षके आपल्या भाषेत दिली, शब्द लावले, कोणते गाणे कशाचे ते सांगितले. शिवाय कोणते मुद्रण बाहेरच्यांनी ऐकावे आणि कोणते ऐकू नये, हेही ठरवले. २०१८ मध्ये ग्रंथालयाने ही मुद्रणे जगासमोर ठेवली ती या लोकांच्या शब्दांतल्या नोंदींसह. चिठ्ठी लिहायला एकशे अठ्ठावीस वर्षे लागली. मात्र ती गाणाऱ्यांच्या वारसांनी लिहिली. ऐकू न देण्याचा हक्क ही कल्पना मला प्रथम खटकली. ग्रंथालय म्हणजे सर्वांना खुले, असे आपण शिकतो. मग आमच्या घरातील देवीच्या जागराचे एक गाणे आठवले, जे आजी त्या रात्रीखेरीज कधी गुणगुणतही नसे, आणि माझा आक्षेप गळाला.

अशी परतफेड आपल्याकडेही झाली आहे. परदेशी अभ्यासक इथे येऊन ध्वनिमुद्रणे करीत आणि ती आपापल्या देशी घेऊन जात. डच संशोधक अर्नॉल्ड बाके यांनी १९३०-४० च्या सुमारास भारतभर हिंडून केलेली मुद्रणे अशीच परदेशी राहिली. या मुद्रणांच्या प्रती भारतात याव्यात, येथल्या विद्यार्थ्याला त्या येथेच ऐकता याव्यात, म्हणून १९८२ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने एक दप्तरकेंद्र उभारले. ते आज गुरुग्रामला आहे. नाझिर जयराजभॉय यांचा त्यात पुढाकार होता. १९८४ साली ते आणि एमी कॅटलिन बाकेंची जुनी मुद्रणे बरोबर घेऊन दक्षिणेत त्याच ठिकाणी गेले आणि गाणाऱ्यांना व त्यांच्या वंशजांना ती ऐकवली.

आणि चिठ्ठी आधी, आवाज नंतर, असा उलटा क्रम जिथे दिसतो, ते कार्य तर महाराष्ट्रातले आहे. हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८० च्या दशकापासून पुण्याहून गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावे, एक लाखाहून अधिक ओव्या. घरात पिठाची गिरणी शिरली तशी पहाटेची घरघर थांबली. ओवी हे मुळात मैफलीचे गाणे नव्हे. जाते थांबले की ओवीचे कारणच संपते. या मंडळींनी ओवी लिहून घेताना गाणारीचे नावही लिहून घेतले, गाव लिहिले, तालुका लिहिला. पुढे १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रणेही झाली आणि ती वर उल्लेखिलेल्या दप्तरकेंद्रात ठेवली गेली. २०१७ पासून त्यांतल्या ओव्या 'पारी' या पत्रकारितेच्या उपक्रमातून पुन्हा लोकांपुढे येत आहेत. जिला कोणी कधी कवयित्री म्हटले नाही, तिचे नाव तिच्या ओवीखाली आहे. माझ्या नोंदवहीतला 'लेखक' हा रकाना जर कोणी खऱ्या अर्थाने भरला असेल, तर तो यांनी.

हे वाचत असतानाच मला घरातली कॅसेट आठवली. १९८९ साली बाबांनी कोणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणून आजीच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. आजी १९९६ मध्ये गेली. कॅसेट कपाटात, साड्यांच्या घडीखाली. तिच्यावर बॉलपेनने एकच शब्द लिहिला आहे, 'आई'. आतली चिमुकली नमद्याची गादी गळून पडली होती, फीत एका जागी चिकटली होती. त्याच संग्राहकांनी ती दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात भरून दिली आणि संगणकावर उतरवली. (फितीवरची लोहकणांची पूड ज्या लेपाने चिकटलेली असते तो हवेतला ओलावा शोषतो, मग फीत चिकट होते. फिती उतरवण्याची यंत्रे आणि ती दुरुस्त करणारी माणसेही संपत आली आहेत; युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्येच तसा इशारा दिला होता. उतरवताना सेकंदाला ९६ हजार नमुने घेण्याची पद्धत ध्वनिसंग्रहांत रूढ आहे. तासाला सुमारे दोन गिगाबाइट जागा लागते. मूळ फीत तरीही टाकायची नाही.)

आवाज स्वच्छ आला. पण तो एक नव्हता, तीन होते. बाबांना आजीखेरीज कोणी ओळखता येईना. मग मी आत्याला बोलावून घेतले. आत्याने डोळे मिटून ऐकले.

"ही आईच. आणि ही दुसरी वरच्या आळीतली काकू. ती दळायला आमच्याकडेच यायची, त्यांचं जातं जड होतं."

"आणि तिसरी गं?"

आत्याने तीन वेळा ऐकले. "आवाज ओळखीचा आहे बाळ, पण नाव येत नाही. बारीक गळा. माहेरी आलेली असणार कोणीतरी, भावाचंच गातेय सारखी."

एका ओवीतला एक शब्द तिलाही लागला नाही. भांड्याचे नाव असावे, असे ती म्हणाली. बाबा खिन्न झाले. त्या दिवशी ते टेपरेकॉर्डरजवळ बसले होते, तिसरी बाई समोर होती, आणि नाव विचारावे असे त्यांना सुचले नाही. कारण तेव्हा ते सगळ्यांनाच ठाऊक होते. चिठ्ठ्या अशाच राहून जातात. हरवतात असेही नाही, त्या लिहिल्याच जात नाहीत.

ट्रंकेचे काम आता पुरे होत आले आहे. बावन्न तबकड्या पुठ्ठ्याच्या नव्या पाकिटांत उभ्या लागल्या आहेत. फुटलेल्या नऊंची लेबलेही ठेवली आहेत, क्रमांक त्यांवर आहेतच. सरांनी नोंदवहीला चार रकाने वाढवून दिले: गाणारे, साथ करणारे, वाजवण्याचा वेग आणि माहिती कोणी दिली. कॅसेटची नोंदही मी त्याच वहीत केली आहे. तिसऱ्या आवाजापुढे 'नाव अज्ञात, माहेरवाशीण असावी, माहिती आत्याची' असे पेन्सिलीने लिहिले आहे. दिवाळीत आत्या गावी जाणार आहे. वरच्या आळीत त्या काळची एक म्हातारी अजून आहे म्हणतात, तिला ती हे ऐकवणार आहे.

ज्यांच्या घरी अशा तबकड्या वा फिती पडून असतील त्यांनी त्या ग्रंथालयात आणाव्यात, उतरवून परत मिळतील. येताना घरातले वडीलधारे माणूस बरोबर आणता आले तर फार बरे. शनिवारी दुपारी मी तेथे असते.